श्रावणात उतलेला काजू

“माझो पाट काढ भायर! आधी पाट काढ, मगे काय बोलाचा ता बोल!”

पुतळाकाकी गणपतीच्या शाळेच्या दारात उभी राहून ओरडत होती. तिचा आवाज असा, की कट्ट्याच्या स्टॉपवर उभ्या एसटीच्या काचा थरथराव्यात. आमच्या वाडीपासून कट्टा हे बाजारगाव चांगलं लांब आहे, तरी त्या दिवशी थरथरल्या असणारच. आत भिको मातीच्या गोळ्यात मनगटं बुडवून बसला होता. समोर अर्धे झालेले गणपती, काहींना सोंड नाही, काहींना हात नाहीत, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये हा बसलेला, मान खाली घालून. हात काही बाहेर काढेना. काढले असते तर दारात जमलेल्या साऱ्यांना दिसले असते.

“काकी, अगो काजू उतलो हातार. दुसरा काय एक नाय.”

“श्रावणात?” काकी एक पायरी वर चढली आणि लगेच तीच पायरी खाली उतरली. “श्रावणात खंयचो काजू उतता रे मेल्या? माका शिकयतंस? माझा आख्खा आयुष्य काजयेखाली गेला!”

भिको गेला त्याला आता काही आठवडे झाले. त्याच्या मुलीचा, शुभाचा फोन आला तेव्हा मी अंगणात आंबे उतरवून घेत होतो. “बाबलकाका, बाबा उठनत नाय…” एवढंच ती म्हणाली. अशा वेळी माणसाला काय काय आठवतं म्हणतात, बरोबर खेळलेले खेळ, खाल्लेले मार. मला आठवली ती पुतळाकाकीची आरोळी, आणि मातीतून बाहेर न निघणारे त्याचे हात. आयुष्यात मी वाघ पाहिला आहे, मालवणच्या समुद्रात होडी उलटलेली पाहिली आहे, ब्रेक गेलेली एसटी घाटातून खाली आणली आहे (वाघ जरा लांब होता, पण होता). त्या सगळ्यात मिळून जेवढा घाबरलो नाही, तेवढा काकीच्या त्या सकाळी घाबरलो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भागात चतुर्थीच्या बऱ्याच आधी, नागपंचमीच्या आसपास, घराघरातून गणपतीचा पाट शाळेत जातो. शाळा म्हणजे मूर्तिकाराची शाळा. पाटावर नारळ आणि विडा ठेवायचा, पाट शाळेत टेकवायचा, आणि काही न बोलता घरी यायचं. बोलायचं काय त्यात? पाट दिला म्हणजे सांगितलंच, की यंदाही आमचा देव तुझ्याच हातचा. एका घराचा पाट पिढ्यान्‌पिढ्या एकाच शाळेत जातो. भिकोच्या आज्याच्या हातचा गणपती ज्या घरात गेला, त्याच घरात बापाच्या हातचा गेला आणि त्याच घरात भिकोच्या. दिलेला पाट परत मागणं म्हणजे… सोयरीक मोडलेली परवडली. ती दुसरीकडे जुळते तरी.

त्याचं हे दुखणं सुरू झालं ते कोपरावर, रुपयाएवढं. लाल चट्टा, वर पांढरा पापुद्रा, माशाच्या खवल्यासारखा. त्याच्या बायकोनं, नंदावैनीनं, त्यावर मुठेल लावलं. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. आमच्याकडे भेगाळलेल्या टाचेपासून भेगाळलेल्या संसारापर्यंत सगळ्यावर तेच लावतात. चट्टा गेला, परत आला, येताना भावकी घेऊन आला. डोक्यात कोंडा असा पडायला लागला की मी त्याला म्हणायचो, भिको, तुझ्या खांद्यावर मीठ पिकतं. नखांवर बारीक बारीक टोचे पडले, शिंप्याच्या बोटातल्या टोपीवर असतात तसे. एका वर्षी घसा धरला, ताप आला, आणि ताप उतरल्यावर पाठीपोटावर लाल थेंब उमटले, जणू कोणी कुंकवाचं पाणी शिंपडलं. पुढे काखेत आणि जांघेत लालबुंद, गुळगुळीत, पापुद्रा नावाला नाही. दर वेळी नवं दिसायचं म्हणून दर वेळी नवं नाव आणि नवं औषध. काखेतलं ते गजकर्ण. पाठीवरचं ते पित्त. डोक्यातला तो कोंडा. नखांना माती बाधली. दशावतारात एकच नट आधी संकासुर होऊन नाचतो आणि मग राजा होऊन सिंहासनावर बसतो, पण निदान प्रेक्षकांना ते ठाऊक असतं. आमच्या भिकोच्या अंगावर एकटाच नट सगळी सोंगं घेत होता आणि आम्ही प्रत्येक सोंगाला वेगळा नट समजून मानाचा नारळ देत होतो.

मग तळहातावर फोड आले. बारीक, पिवळट, कातडीच्या आत साबुदाणा भरल्यासारखे. ते सुकले की तपकिरी डाग पडायचे, कातडी सोलून निघायची, आणि खालचं लाल मांस बघवत नसे. पण याला नाव शोधावं लागलं नाही, कारण ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं. काजूच्या बीच्या सालीत जे तेल असतं ते लागलं की कातडी भाजते, फोड येतात, साल निघते. आम्ही म्हणतो, काजू उतलो. फाल्गुन-चैत्रात आमच्या वाडीत ज्याचे हात उतलेले नाहीत तो एक तर आळशी किंवा मास्तर. भिकोची काजूची बाग होती, बिया तो स्वतः फोडायचा. तेव्हा तळहात पाहिले की लोक नुसते “उतलो काय रे?” म्हणायचे आणि हा “व्हय” म्हणायचा. विषय संपला. शिमग्यात हात उतलेला दिसणं ही आमच्याकडे अब्रूची गोष्ट आहे.

पण त्याचा हात शिमगा बघून उतत नव्हता. तो आषाढात उतायचा, दिवाळीत उतायचा. आषाढात त्याने सांगितलं, राखून ठेवलेल्या बिया फोडल्या. दिवाळीत सांगितलं, चुलीत सालं घातली त्याचा धूर लागला. मी एवढा थापाड्या, पण मलाही त्याच्या थापांची लाज वाटायची, इतक्या त्या कच्च्या होत्या. एकदा चिडून म्हटलं, “डॉक्टरकडे चल.”

“आणि तेणी सांगल्यान तर?”

“काय सांगतलो?”

त्याने हात पाठीमागे नेले. बोलायची गरजही नव्हती. तो शब्द आमच्या वाडीत अजून मोठ्याने उच्चारत नाहीत. महारोग. त्यावर औषध आहे, तो बरा होतो, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे, पण भीतीला शाळेत घालता येत नाही. त्याच्या हातांनी देव घडायचा. देवाचं पोट, देवाचे पाय, देवाचे डोळे. त्याच हातांना ते नाव चिकटलं, तर शाळेत पाट कोण टेकवील?

मग बाजाराच्या दिवशी बसायला येणारा एक डॉक्टर त्याला कोणीतरी दाखवला. डॉक्टर कसला, एक पेटी आणि एक खुर्ची. त्याने बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. कसल्या ते याने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. आणि काय चमत्कार! आठवड्याभरात अंग असं स्वच्छ झालं की नवरदेव म्हणून पुन्हा उभा करावा. हात गुळगुळीत, काखा कोरड्या. चेहरा तेवढा सुजून गोल झाला, पण तो आम्ही सुखाचा समजलो. मी स्वतः म्हटलं, “भिको, तुझ्या तोंडाक कळ्या पाडून खोबरा भरला तर मोदक म्हणान खपशीत.” त्या गोळ्या तो दोनेक वर्षं खात राहिला.

आता यातली आमच्याकडचीच म्हणावी अशी गोष्ट ऐका. मातीला पहिला हात लावला की शेवटचा गणपती शाळेतून घरी जाईपर्यंत भिको सोवळ्याने राहायचा. मासे बंद, एकभुक्त, चटईवर झोप. आज्यापासूनचा नेम. काकी ओरडली त्या वर्षी त्याच्या मनात आलं, गोळीत काय असतं कोणास ठाऊक, जनावराचं काही असलं तर? देव घडवताना पोटात ते नको. म्हणून ज्या दिवशी माती मळली त्या दिवशी त्याने गोळ्या एकदम सोडल्या. कोणाला विचारलं नाही. कोणाला विचारायचं? पेटीवाल्याला? मला सांगितलं असतं तर मीही म्हटलं असतं, बरोबर आहे, देवाचं काम आहे.

आठ-दहा दिवसांत हात पुन्हा फुटले. लगोलग पाय. आणि मग ती सकाळ, पुतळाकाकीची.

काकीने पाट नेला. स्वतः आत गेली नाही. नंदावैनीने आणून पायरीवर ठेवला, त्यावर पाण्याचा हबका मारून काकीने तो उचलला. वैनी बघत होती. त्या दिवशी आणखी काही पाट गेले. काही लोक येऊन नुसतेच इकडचं तिकडचं बोलले, भाताला खत कधी घालणार वगैरे, आणि जाताना सहज आठवल्यासारखं, “जरा पाट न्हेतंय रे, रंगवचो आसा.” भिकोने सगळ्यांना मान डोलावली. हात मातीतच.

दुसऱ्या दिवशी वैनीचा निरोप आला म्हणून गेलो तर तो माजघरात गोधडी पांघरून कुडकुडत होता. गोधडी बाजूला केली आणि… मी उकडलेल्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, पुष्कळ पाहिल्या आहेत. माणूस त्या रंगाचा होतो हे पहिल्यांदा पाहिलं. कपाळापासून पावलापर्यंत लाल. आणि त्या लालीवर फोडच फोड, टाचणीच्या डोक्याएवढे, कुठे कुठे एकमेकांत मिसळून पिवळी तळी झालेली. अंगातून वाफ निघत होती आणि तो म्हणत होता थंडी, थंडी. पाय सुजून माडाच्या बुंध्यासारखे.

“बाबल्या,” तो म्हणाला, “माझा अंग सुटता रे.”

दारात एक म्हातारा उभा होता, तो म्हणाला देवी आल्या, हलवू नका, कडुनिंबाचा पाला घाला, देवळात कौल लावून बघू. वैनीने त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. “भावजीनू, गाडी काढा.”

गोव्याला निघालो. कुडाळला एका डॉक्टरने दारातूनच पाहून सांगितलं होतं, इथे वेळ घालवू नका. माझी व्हॅन तेव्हाच म्हातारी होती, वायपर एकच चालायचा आणि तोही माझ्या बाजूचा नव्हे. श्रावणातला पाऊस. मागे वैनीच्या मांडीवर त्याचं डोकं. मी सारखा बोलत होतो, कारण गप्प बसलो की त्याचा श्वास ऐकू यायचा. सावंतवाडीपर्यंत मी त्याला वाघाची गोष्ट तीनदा सांगितली, दर वेळी वाघ जवळ येत गेला. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर पोलिसांनी हात दाखवला. एरवी ते गोव्याकडून येणाऱ्या गाड्या बघतात, बाटल्यांसाठी. त्या दिवशी काय होतं कोण जाणे, जाणाऱ्याही बघत होते. पोलिसाने बाजूचं दार सरकवलं. मी ताबडतोब शुद्ध मराठीवर आलो.

“पेशंट आहे साहेब.”

“कसला पेशंट?”

“भाजलाय साहेब. चुलीवर.”

गोधडीतून आवाज आला, “भाजलंय नाय. आपोआप इला ह्या.”

त्या माणसाला मरणाच्या दारातही माझी एक थाप पचली नाही. पोलिसाने गोधडीच्या फटीतून तो चेहरा पाहिला, दोन पावलं मागे गेला, आणि दार हाताने नाही, काठीने लावलं. “जा,” तो म्हणाला. “जा, जा, जा.” आरशात मी वैनीचं तोंड पाहिलं. तिने गोधडी त्याच्या डोक्यावरून ओढून घेतली होती आणि बांदा जाईपर्यंत ती धरून ठेवली.

मोठ्या इस्पितळात एक डॉक्टरीण होती, ख्रिस्तांव, आमच्या शुभापेक्षा फार मोठी नसेल. तिने सगळं अंग पाहिलं, नखं पाहिली, कानामागे पाहिलं, जुनं सगळं विचारलं. कोपर, डोकं, काखा, तो घसा धरून आलेला ताप, त्या पांढऱ्या गोळ्या. मी मोठ्या उत्साहाने प्रत्येक आजाराचं नाव सांगत होतो. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “हे सगळं एकच आहे. सोरायसिस.” मला आधी ते तिच्या सासरचं आडनाव वाटलं. ती म्हणाली, फार साधा आजार आहे, तुमच्या बसमध्ये रोज एक-दोन तरी बसत असतील. पण तो नेहमी कोपर-गुडघ्यावर चट्टा होऊनच येतो असं नाही. कधी नखांत येतो, कधी घडीत, कधी थेंबांसारखा, कधी तळहातावर पू भरून. आणि कधी असा. असा आला तर मात्र जिवाचं काम. मग ती त्याच्याकडे वळली आणि कोकणीत म्हणाली, “गुळयो कोणें बंद केल्यो?”

भिकोने डोळे मिटून घेतले. तिला बहुतेक ते उत्तर रोज मिळत असावं. त्या पांढऱ्या गोळ्यांनी आजार दाबून धरला होता, ती म्हणाली, हात एकदम काढला आणि तो उसळला.

ते पहिले दिवस मला नीट सांगता येत नाहीत. एरवी मला सांगता येत नाही असं काही नसतं. कातडी नसली की माणूस काय असतो हे मी तिथे पाहिलं. अंगातली ऊब थांबत नव्हती, पाणी थांबत नव्हतं. रक्तात जंतू शिरले तर हातचा जाईल, असं तिने वैनीला बाहेर नेऊन सांगितलं, पण दार उघडं होतं. त्याने ऐकलं. तरी त्याची भीती दुसरीच. तिने हातमोजे घातले की तो भिंतीकडे तोंड करायचा. मला म्हणाला, “बघितलंस? मोजे घालता. म्हणजे लागणारा आसा. माका खरा सांगणत नाय कोण.”

मी तिला विचारलं. ती म्हणाली, “मोजे माझ्यासाठी नाहीत. त्याची कातडी उघडी आहे, माझ्या हातावरचं काही त्याला लागू नये म्हणून. त्याचं कोणाला लागत नाही. पाण्यातून नाही, ताटातून नाही, शिवून तर नाहीच.”

भिकोने भिंतीकडचं तोंड फिरवलं. बरं वाटायला लागल्यानंतर त्याने स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न: “आणि मातीतून? माझ्या हातचो गणपती लोकांनी घरात न्हेलो, तर चलात?”

तिने कागदावर लिहिता लिहिता सांगितलं, “मला करून द्या. मी टेबलावर ठेवीन.”

एवढं वाक्य मला पुरे होतं. पुढच्या खेपेला घरी आलो तो थेट कट्ट्याच्या बाजारात. पहिल्या चहाच्या टपरीवर सांगितलं, गोव्याच्या डॉक्टरणीने भिकोला गणपती सांगितलाय. दुसऱ्या दुकानापर्यंत ती इस्पितळाची मुख्य झाली होती. एसटीच्या स्टॉपवर पोचेपर्यंत तिने सागवानी पाट पाठवला होता, चांदीची फुलं ठोकलेला. कोणीतरी म्हणालं, ती ख्रिस्तांव ना? मी म्हटलं, “म्हणान तर टेबलार ठेवतली. पाटार ठेवची असती तर हिंदू नसती?” यात काही अर्थ नाही हे मला कळत होतं, पण मी ते अशा आवाजात म्हटलं की समोरच्याने मान डोलावली. मग घरचा एक जुना पाट घासून, पॉलिश मारून मी शाळेत सगळ्यांना दिसेल असा समोर टेकवला. नारळ, विडा. आणि तिने सांगितलेली खरी गोष्टही, लागत नाही, शिवून नाही, ताटातून नाही, तीही त्यातच घुसवून दिली. आमच्या बाजारात खरं एकटं पाठवलं तर ते रस्ता चुकतं.

चतुर्थीच्या जरा आधी तो घरी आला, अंगावरून नव्या बटाट्यासारखी पातळ साल निघत होती. हात सुजलेले, पण मोकळे. काही पाट परत आले. काही आले नाहीत, कधीच आले नाहीत, आणि त्या घरांच्या दारावरून जाताना तो पुढच्या साऱ्या वर्षांत मान वर करायचा नाही, जणू अपराध त्याचा. पुतळाकाकीने त्या वर्षी गणपती दुसरीकडून आणला. पुढच्या नागपंचमीला मात्र ती स्वतः पाट घेऊन शाळेत आली, आत आली, भिकोच्या समोर तो ठेवला आणि म्हणाली, “मागच्या वर्साचो सोंडेन वाकडो हुतो.” झालं. आमच्याकडे माफी मागायची ही रीत.

पण भिकोच्या आतली भीती काही गेली नाही. औषध नियमाने, महिन्या-दोन महिन्यांनी गोवा, अंग बरंच आवरलेलं. डॉक्टरणीला वीतभर गणपती त्याने खरंच करून दिला आणि तो तिच्या टेबलावर गोळ्यांच्या पाकिटांशेजारी मी पाहिला. नंतर बोटांचे सांधे धरले, एक बोट वांग्यासारखं सुजलं. डॉक्टरीण म्हणाली, हेही तेच, त्याचंच आणखी एक सोंग. कुंचल्याने देवाचे डोळे लिहायचं काम तेव्हापासून शुभाकडे गेलं. आणि डॉक्टरणीने एकदा हेही सांगितलं, की ही आग नुसती कातडीत नसते, आत काळजापर्यंत पोचते, तेव्हा छातीला जपा. ते ऐकल्यापासून तो शिंकला तरी मी गाडीची किल्ली शोधायचो. भेटल्यावर माणूस तोंड बघतो, मी आधी त्याचे हात बघायचो. आणि मी ते बघतोय हे तो बघायचा.

शेवटचं भेटलो ते त्याच्या बागेत. फळं गळून पडली होती, वास सुटला होता. तो बिया वेगळ्या करत होता, हातात पिशव्या घालून. मी काहीतरी लांबण लावली होती, ती मध्येच तोडून म्हणाला, “बाबल्या, खळ्यात कोण इलो की अजून मी आधी तेचे हात बघतंय.”

“कित्याक?”

“हातात कायतरी आसला तर बरा. रिकाम्या हातान इलेलो माणूस पाट न्हेवक इलेलो आसता.”

मी हसलो. तो हसला नाही. नंतर चारच दिवसांनी शुभाचा फोन. त्याच बागेत, सकाळी, झाडाला टेकून बसलेला. छाती. त्याच्या अंगावर त्या दिवशी एक चट्टा नव्हता, आणि अंघोळ घालताना भावकीतला प्रत्येक जण पुढे आला, हातांना हात लावला. ते त्याने बघायला हवं होतं. मी त्याला सांगितलं असतं तर त्याने विश्वास ठेवला नसता. मी कधी कमी करून सांगत नाही हे त्याला ठाऊक होतं.

बाराव्यानंतर एकदा शुभाने मला एक गोष्ट सांगितली, जी त्या घरात इतकी वर्षं जाऊन-येऊन मला ठाऊक नव्हती. तो झोपून उठला की चादरीवर पापुद्रे पडलेले असत, पसाभर. वैनी रोज उजाडायच्या आधी ती चादर घेऊन न्हाणीच्या मागे जायची, माडांमध्ये झाडायची, वर राख टाकायची, आणि दूधवाला यायच्या आत घरात परतायची. पाहुण्यांत, सणात, तिच्या स्वतःच्या तापातसुद्धा. कोणाला दिसू नये. दिसलं तर पाट जातील.

परवा मी सकाळी तिकडे गेलो. ऊन चांगलं वर आलं होतं, वाटेवरून माणसं जात-येत होती. वैनी पुढच्या खळ्यात, भर अंगणात उभी होती, सगळ्यांच्या देखत, दोन्ही हातांत चादर धरून. चादर पांढरी स्वच्छ, तिच्यावर कोणी झोपत नाही. ती झाडत होती. एकदा, पुन्हा, पुन्हा. मी फाटक उघडून आत गेलो. विचारलं,

“वैनी, आता आणि कित्याक झाडतास?”

तिने चादरीची घडी घातली.

“धूळ बसता,” ती म्हणाली.